घाण माझ्या अंगात नव्हती

"तिथंच थांब. आत यायचं नाही."

डॉक्टर खुर्चीतून उठले नाहीत. मी दवाखान्याच्या ओट्यावर, चौकटीबाहेर उभी. मागं पंधरा-वीस माणसं रांगेत. छावणीवर जनावरं घेऊन आलेले शेतकरी, दूध संघाचे दोन कारकून, आमच्या शाळेचे मास्तर. सगळे ओळखीचे.

"काय झालंय?"

"सुई दिली तितं काळं पडलंय, साहेब. लई ठणकतंय."

"दाखव."

मी म्हटलं, आत पडदा हाय, पडद्यामागं दाखवते. ते म्हणाले, "त्या पलंगावर दुसरे पेशंट झोपतात. तिथूनच दाखव."

जखम कमरेच्या खाली, मागच्या बाजूला. डॉक्टरांकडं पाठ केली तर रांगेकडं तोंड होत होतं. मी तशीच वळले. लुगडं थोडं खाली सारलं. पुढून पदर घट्ट धरला. मी माणसांकडं बघत होते आणि माणसं माझ्याकडं.

डॉक्टर दोन पावलं पुढं आले. टेबलावरची फूटपट्टी त्यांच्या हातात होती. तिच्या टोकानं त्यांनी लुगड्याचा काठ अजून खाली केला. बोट लावलं नाही.

"वास येतोय. अंघोळ कधी केली होतीस?"

मी मनात दिवस मोजले.

"तुमच्या लोकांचं हेच असतं. अंगाला घाण आणि नाव सुईचं."

रांगेत कुणीतरी हसलं. मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात. मास्तर खाली जमिनीकडं बघत होते. ह्याच मास्तरांनी मला चौथीपर्यंत शिकवलं होतं.

डॉक्टरांनी फूटपट्टी कंपाउंडरकडं दिली. "ही धुऊन ठेव," म्हणाले. मग मला म्हणाले, "साबण लावून घासत जा रोज. जाईल."

मी लुगडं सारखं केलं आणि ओटा उतरले. रडले नाही. मला तेव्हा वाटलं, खरंच वास येत असंल.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, कडा गावाच्या बाजूला. त्या साली पाऊस सलग दुसऱ्यांदा गेला होता. विहिरी तळाला लागल्या. गावच्या माळावर दूध संघानं चारा छावणी काढली. संघ सहकारी, म्हणजे कागदावर सगळ्यांचा. चेअरमन कायम एकाच घरातले, डॉक्टर त्यांचेच पुतणे, दवाखाना संघाचा. माझा नवरा संघाच्या टँकरवर ड्रायव्हर होता, रोजंदारीवर. मी छावणीत उसाच्या वाढ्याचे, म्हणजे शेंड्याच्या पाल्याचे, भारे वाहायची. गाडीतून उतरवायचे, डोक्यावर घ्यायचे, दावणीपर्यंत न्यायचे. दिवसभर.

महिनाभरात कंबर धरली. वाकलं की उठता येईना. दवाखान्यात गेले तर डॉक्टर फोनवर बोलत होते. माझ्याकडं न बघता कंपाउंडरला बोटानं खूण केली. कंपाउंडरनं दुखायची सुई भरली आणि मला ओट्यावरच भिंतीला हात टेकून उभं केलं.

सुई आत गेली तशी मी ओरडले. सुया मी आधीही घेतल्या होत्या. हे तसलं नव्हतं. तापवलेली तार कमरेतून पोटरीपर्यंत कुणी ओढत न्यावी, तसं झालं. मी म्हटलं, "थांबा, काढा ती." कंपाउंडर म्हणाला, "नाटकं करू नको," आणि उरलेलं औषध आत ढकललं.

घरी येईस्तोवर पाय ओढत होते. लग्नानंतरही आम्ही मायजवळच राहायचो; तिनं बघितलं. सुईची जागा पांढरीफटक पडली होती. संध्याकाळी तिथं निळी-जांभळी जाळी उमटली, मासे धरायच्या जाळ्यासारखी. चौथ्या दिवशी जाळीच्या मधोमध तळहाताएवढं काळं झालं. पाचव्या दिवशी मी दवाखान्यात गेले. त्या दिवशी काय झालं ते वर सांगितलंच.

घरी येऊन मायला सांगितलं, डॉक्टर म्हणतेत घाणीनं झालंय, धुवायला पायजे.

मायनं हातातली घागर खाली ठेवली. मग म्हणाली, "मही चूक हाय बाई. मीच तुला पाण्याला नको म्हणत होते."

टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. आमच्या वस्तीचा नंबर शेवटचा. घरी तीन घागरी यायच्या, कधी दोन. त्यात स्वयंपाक, प्यायचं, भांडी, शेळीचं पाणी. अंघोळ आम्ही चार दिवसांनी करायचो, तांब्याभर पाण्यात. मायला वाटलं, तिनं पाणी राखलं म्हणून लेकीचं अंग सडलं.

त्या दिवसापासून मायनं अंघोळ सोडली. तिच्या वाटणीचं पाणी ती माझ्यासाठी ठेवायची. उन्हात तापवायची, त्यात निंबाचा पाला टाकायची. मला पालथं झोपवून कपड्यानं ती जागा घासायची. डॉक्टरांनी घासायला सांगितलं होतं ना. मी तोंडात पदराचा बोळा धरायची. माय घासत जायची आणि म्हणायची, "निघंल, निघंल आता."

काळं निघालं. पण आतून पांढरं, पिवळं काहीतरी दिसायला लागलं. खड्डा पडला. त्यात मायचा अंगठा मावला असता.

आम्ही तीन आठवडे ते घासलं. मी स्वतःच्या अंगाचा वास घ्यायची. हात हुंगायची, केस हुंगायची. टँकरपाशी बायकांपासून लांब उभी राहायची, कुणी सांगितलं नसताना. लेकीला जवळ घेत नव्हते. ती सहा वर्षांची. ती विचारायची, "आई, मला कावून लांब झोपवती?" मी तिची गोधडी अजून थोडी लांब सारायची.

मग ताप चढला. नवऱ्यानं टँकर सोडून मला बीडला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं एक सर्जन बाई होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. त्यांनी पडदा ओढला, हातमोजे घातले आणि जखमेच्या कडेनं बोट फिरवत खाली वाकून बघितलं. इतक्या जवळून कुणी बघितलं नव्हतं. मीच म्हटलं, "वास येतोय मॅडम. घाण हाय."

त्यांनी मान वर केली. "कोण म्हणालं घाण आहे?"

मी सांगितलं. सुई, जाळी, फूटपट्टी, घासणं, सगळं.

मॅडम पलंगाच्या कडेला बसल्या. त्या जे बोलल्या ते मला अजून पाठ आहे. "बाई, ही घाण नाही. तुमच्या अंगात घाण नव्हती. सुईचं औषध मांसात जायचं ते रक्ताच्या नळीत किंवा नळीला लागून गेलं. नळी बंद झाली. तिथल्या कातडीला रक्त मिळालं नाही, म्हणून ती मेली. क्वचित असं होतं. चांगल्या हातानंही होऊ शकतं."

"मग चूक कुणाची?" नवऱ्यानं विचारलं.

"सुई लागताना ही ओरडली, तेव्हा थांबायला हवं होतं. निळं दिसलं त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवायला हवं होतं. आणि घासायला तर मुळीच सांगायला नको होतं."

मी पालथी झोपलेली. उशीत तोंड खुपसून रडले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. दुखत होतं म्हणून नाही.

मॅडमनी मेलेलं मांस कापून काढलं. खड्डा मोठा झाला. त्या म्हणाल्या, पुण्याला एका ट्रस्टच्या दवाखान्यात दाबाखाली ऑक्सिजन देतात. त्यानं कडेचं अर्धमेलं मांस जगू शकतं, मग वर कातडी लावता येते. त्यांनी केसपेपरवर सगळं लिहून दिलं. दुखायच्या सुईनंतर झालेली जखम, असं स्पष्ट लिहिलं. मी ते त्यांच्याकडूनच वाचून घेतलं.

ही बातमी आमच्या आधी गावात पोचली. दुसऱ्याच दिवशी चेअरमनची जीप बीडच्या दवाखान्यासमोर. चेअरमन स्वतः आले, हातात सफरचंदांची पिशवी. म्हणाले, "आपल्या संघाची लेक आहेस तू. पुण्याची काळजी करू नको. तिथल्या ट्रस्टींना माझं पत्र देतो. फुकटात होईल सगळं."

मी पलंगावरून उतरले आणि त्यांच्या पायाला हात लावला. कुणी सांगितलं नव्हतं. मीच लावला. ते मागं सरले नाहीत. ह्या गोष्टीचं मला फूटपट्टीपेक्षा जास्त वाईट वाटतं. तिथं मला वळायला लावलं होतं. इथं मी आपणहून वाकले.

पुण्याच्या दवाखान्यातलं ते यंत्र मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला टँकरच वाटला. तसाच आडवा, गोल, लोखंडी. फक्त बाजूला गोल काचा आणि जाड दार. आत पाच खुर्च्या आणि एक स्ट्रेचर. मला बसता येत नव्हतं, म्हणून स्ट्रेचर माझं. कुशीवर झोपायचं.

आत जाताना सगळं काढून ठेवावं लागायचं. मणी, जोडवी, केसातली पिन. डोक्याला तेल चालत नव्हतं. नायलॉनचं लुगडं चालत नव्हतं. ऑक्सिजनमध्ये ठिणगी पडली तर भडका होतो, म्हणून दवाखान्याचे सुती कपडे. सगळ्यांना तेच. माझ्यासोबत एक बँकेतले साहेब होते, त्यांच्या पायाला साखरेची जखम. एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांना जबड्याचं काहीतरी. सगळे त्याच पांढऱ्या झग्यात, तोंडाला तसलाच मास्क लावून.

दार बंद झालं की हवा आत सुटायची. अंग गरम व्हायचं. कान गच्च व्हायचे, डोंगर उतरताना एस्टीत होतात तसे, पण कितीतरी जास्त. पहिल्या दिवशी मी घाबरून मास्क ओढला. आत आमच्यासोबत बसणारी सिस्टर होती. ती म्हणाली, "ताई, नाक धरा आणि हळूच फुंका. आवंढा गिळा. उघडतील कान." तिनं स्वतः करून दाखवलं. कान फट् करून उघडले.

मग दीड तास नुसतं श्वास घेत पडायचं. रोज अशी एक पाळी, एकूण वीस. बोलायचं नाही. एवढा रिकामा वेळ मला जन्मात मिळाला नव्हता. मी विचार करायची. डॉक्टरांनी फूटपट्टी कावून वापरली? औषध त्यांचं, सुई त्यांची, मग घाण माझी कशी? मला हे तेव्हा कावून सुचलं नाही? ओट्यावर उभी होते तेव्हा तोंडात एक शब्द का आला नाही? ह्याचं उत्तर मिळायला मला बरेच दिवस लागले. घाण माझीच, हे मी ऐकण्याआधीच मानलेलं होतं. लहानपणापासून कुणी ना कुणी सांगतच होतं.

सहाव्या-सातव्या दिवशी ड्रेसिंग करताना सिस्टरनं आरसा धरला. खड्ड्याच्या तळाला लाल दाणे दिसत होते, डाळिंबासारखे. "हे जिवंत मांस आहे," ती म्हणाली. तिथल्या डॉक्टरांनी मात्र खरं ते सांगितलं. "पहिल्या आठवड्यात आला असतात तर एवढं मेलंच नसतं. आता भरेल, पण खळगा राहील. स्नायू गेलाय थोडा."

म्हणजे ते तीन आठवडे. मायनं ज्यात घासलं ते.

बारावी पाळी संपवून मी बाहेर आले तर वॉर्डात नवरा आणि संघाचा क्लार्क बसलेला. नवरा पाच दिवसांनी येत होता. माझ्याकडं बघत नव्हता. क्लार्कनं फाईल उघडली.

"सही करायचीय बाई इथं. काही नाही, नियमाचा कागद आहे."

मी कागद हातात घेतला. तो म्हणाला, "वाचायची गरज नाही, मी सांगतो." मी वाचला. त्यावर लिहिलं होतं, "मला सदर जखम पूर्वीपासून अस्वच्छतेमुळे झालेली होती. संघाच्या दवाखान्यात मला कोणतेही इंजेक्शन देण्यात आलेले नाही. संघाने केवळ माणुसकीच्या नात्याने मला मदत केली आहे."

मी विचारलं, "हे कुणी लिव्हलं?"

"चेअरमन साहेबांनी."

"आन् न्हाई केली सही तर?"

क्लार्क पेनाचं टोपण काढत म्हणाला, "मग साहेबांना पत्र मागं घ्यावं लागेल. तुमच्या आठ पाळ्या राहिल्यात म्हणे. कातडी पण लावायचीय. बघा बुवा." मग नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आणि ह्यांना संघात कायम करायचं साहेबांच्या मनात आहे."

नवरा पहिल्यांदा बोलला. "कर की सही. कागदच हाय. त्यानं काय अंग दुखणार हाय का?"

मला त्याचा राग आला नाही. दुष्काळात कायम नोकरी म्हणजे काय, ते मला माहीत होतं. लेकीचं तोंड डोळ्यांपुढं आलं. खड्डा अर्धा उघडा होता. पेन माझ्या हातात दिलेलं होतं.

मला आजोबा आठवले. मी त्यांना नीट बघितलेलं नाही, मायनं सांगितलेलं. दीक्षा घेतल्यावर त्यांनी गावची मेलेली जनावरं ओढायचं सोडलं. गावानं त्यांना विहिरीवर येऊ दिलं नाही, कामाला बोलावलं नाही, दुकानातनं मीठ दिलं नाही. ते दोन कोस लांबून पाणी आणायचे. पण पुन्हा ढोराला दोर लावला नाही. त्यांना लिहिता येत नव्हतं. मला येत होतं. आणि मी त्या लिहिण्याचा उपयोग कशाला करणार होते? माझ्या अंगात घाण होती, हे सही करून सांगायला?

मी पेन कागदावर ठेवलं आणि कागद-पेन तसंच त्या क्लार्कच्या मांडीवर ठेवलं.

"न्हाई करत."

"बाई, विचार करा."

"केला. रोज दीड तास करते. सुई तुमच्या दवाखान्यात दिली. साहेबांना सांगा, हिनं कागद वाचला."

क्लार्क गेला. नवरा त्याच्या मागं गेला. जिन्यापर्यंत वळून बघितलं नाही.

मी सामान बांधायला घेतलं. मला वाटलं, आता पत्र गेलं, पलंग गेला. तिथं समाजसेवेचं काम बघणारी एक बाई होती. तिला सांगायला गेले की मी जाते. तिनं माझी फाईल काढली. चेअरमनचं पत्र फाईलच्या शेवटी टोचलेलं होतं. ती म्हणाली, "तुमचा पलंग ह्या पत्रावर नाही. गरिबांसाठी खाटा राखून ठेवायचा ट्रस्टच्या दवाखान्यांना नियम आहे. तुमच्या रेशनकार्डावर मिळालाय तो. पत्र नसतं तरी मिळाला असता."

मी बांधलेलं सामान सोडायला गेले. जे माझं होतं, त्यासाठी मी पायाला हात लावला होता.

राहिलेल्या पाळ्या झाल्या. मांडीची कातडी काढून खड्ड्यावर लावली. ती धरली. मी चालत घरी आले. आजही तिथं खोल खळगा आहे. जमिनीवर फार वेळ बसता येत नाही, भारा उचलता येत नाही. नवऱ्याचं टँकरचं काम दुसऱ्या दिवसापासून बंद झालं होतं. तो तलवाड्याला एकाच्या ट्रॅक्टरवर गेला. पाच महिने माझ्याशी बोलला नाही. नंतर बोलायला लागला, पण त्या कागदाबद्दल आम्ही दोघंही काही बोलत नाही.

मायला मी समजावून सांगितलं. मॅडमनी सांगितलं तसं, हातावर नळी काढून. औषध इथं जायचं ते इथं गेलं. घाण नव्हती माय. पाण्याचा काही संबंध नव्हता. ती ऐकून घ्यायची, मान हलवायची. मग शेजारणीला सांगायची, "मीच पाणी राखलं. पोरीला न्हाऊ घातलं न्हाई."

पुढच्या वर्षी माय गेली. शेवटी-शेवटी तिला काही समजत नव्हतं. माझ्या कमरेवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "निघंल बाई, निघंल." डॉक्टर हे शिकलेले. कातडी का मेली हे त्यांना त्याच दिवशी कळलं असणार. नसेल कळलं, तर मोठ्या दवाखान्यात विचारता येत होतं. त्यांनी ते ओझं उचलून माझ्या मायच्या डोक्यावर ठेवलं आणि ती ते घेऊनच गेली. हे मी कुणाला माफ करणार नाही.

मायच्या पुण्यानुमोदनानंतर आठ दिवसांनी मी बीडला जाऊन जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीत डॉक्टरांवर तक्रार दिली. मॅडमचा केसपेपर जोडला. चौकशी लागली, तारखा पडत गेल्या. संघानं दवाखान्याचं रजिस्टर आणलं, त्यात माझं नाव नाही. कंपाउंडर म्हणतो, मी ह्या बाईला ओळखत नाही. रांगेतला एकही माणूस साक्षीला आला नाही. मास्तरांच्या घरी मी दोनदा गेले. पहिल्यांदा ते ऐकून आत निघून गेले. दुसऱ्यांदा त्यांची बायको दारात येऊन म्हणाली, घरी न्हाईत.

मागच्या तारखेला संघाचे वकील कचेरीच्या व्हरांड्यात माझ्याजवळ आले. चांगलं बोलले. "ताई, एवढी वर्षं झाली. तुम्हाला नेमकं पाहिजे तरी काय? मिटवून टाकू."

मी म्हटलं, "एक ओळ पायजे. ती जखम सुईनं झाली, ह्या बाईच्या घाणीनं न्हाई. तुमच्या डॉक्टरच्या हातानं लिव्हलेली, खाली त्याची सही."

ते म्हणाले, "अशी ओळ कोणी लिहून देत नसतं."

पुढची तारीख पडली आहे. मी जाणार आहे. त्याच्या पुढच्या तारखेलाही जाणार आहे. मधल्या काळात वस्तीतल्या कुणाला सुई घ्यायची असली तर मी सोबत जाते, औषधाचं नाव कागदावर लिहून मागते, आणि लिहून दिल्याशिवाय सुई टोचू देत नाही. डॉक्टर मला बघून तोंड वाकडं करतात. करू देत. ती ओळ लिहून मिळेपर्यंत मी त्यांच्यासमोर येत राहणार. मी मेले तर माझी लेक येईल. तिला मी सगळं सांगून ठेवलं आहे, आणि तिला लिहिता-वाचता येतं.